नत्थूजींचा अर्धा सवाल

माणसाचं लहान आतडं बावीस फुटांचं असतं, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. आम्ही ते पाठ करायचो, पेपरात उतरवायचो आणि मार्क घ्यायचो. नत्थूजींना ते अजिबात मान्य नव्हतं.

"बावीस?" ते म्हणायचे. "पुस्तकवाल्यानं किती जणाचं मोजलं? मी तं अठरापासून अठ्ठावीसपर्यंत पाह्यलं. पोट पोट अलग असते जी."

नत्थूजी भोयर आमच्या मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये अटेंडंट होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, नागपुरातलं होतं एवढं पुरे. मी १९६३ साली तिथं शिकायला गेले तेव्हा ते चाळिशीचे असतील. ठेंगणा बांधा, खाकी हाफपँट, कानात अत्तराचा फाया. तो फाया शौकाचा नव्हता, औषधात मुरवलेल्या देहांचा वास नाकात बसू नये म्हणून होता. काटोलजवळच्या एका खेड्यातून ते बागकामाला म्हणून आले होते. हॉलमध्ये कोणी आठवडाभरही टिकत नव्हतं, तेव्हा साहेबांनी चार दिवसांसाठी म्हणून यांना आत पाठवलं. ते चार दिवस बत्तीस वर्षं चालले.

गावाकडे ही गोष्ट कळली तेव्हा त्यांच्या भावकीनं त्यांच्या घरचं पाणी बंद केलं. मुडद्यांना हात लावणारा कुणबी म्हणून. नत्थूजी यावर कधी चिडलेले मी पाहिले नाहीत. चिडायचे ते आमच्यावर. देहाला कोणी 'बॉडी' म्हटलं की खवळायचे. त्यांच्या हॉलमध्ये टेबलावर आजोबा असायचे, नाहीतर बाई. नव्या देहाच्या उशाशी ते झेंडूचं एक फूल ठेवायचे आणि आम्हा साऱ्यांना हात जोडायला लावायचे. मी धरमपेठेतली, नाकावर रुमाल धरून गेलेली शिष्ट पोरगी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा रुमाल काढायला लावला. "ते बाई तुमाले आपलं पोट दाखवून राहिली, आन् तुमी तिले नाक दाबून दाखवता?" मी रडकुंडीला आले होते. आजही कोणी रोग्यासमोर नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं, ते त्यांच्यामुळे.

वर्षातला एक दिवस त्यांचा असायचा. पोट उघडण्याचा भाग सुरू झाला की ते एका देहाची सगळी आतडी अलगद सोडवायचे, धुवायचे आणि लांबच्या लांब तीन टेबलं जोडून त्यावर मांडायचे. प्रोफेसर बाजूला उभे राहायचे. पचनसंस्था शिकवायचे नत्थूजी, आपल्या गावाहून काटोलमार्गे नागपूरला येणाऱ्या एस.टी.च्या रस्त्यावरून.

"हे तोंड म्हंजे आमचं गाव. इथी घास गाडीत चढते. ही अन्ननळी, दहा इंच, सरळ सडक, कुठी थांबा नाई. हे जठर. हा काटोलचा स्टँड. इथी गाडी तीन-चार घंटे उभी राहते, भाकर असो का मटन, सगळ्याचा लगदा होते. काटोल सुटलं का हे पहिलं वळन. इथी यकृताकडून पित्त चढते आन् प्यांक्रियाकडून त्याचा रस चढते. हे दोघं चढल्याबिगर गाडी हालत नाई. मंग कळमेश्वर, मंग फेटरी, हा सारा लहान आतड्याचा रस्ता, वळनावळनाचा. माल इथीच उतरते आन् रक्तात जाते. काटोल नाका आला का मोठं आतडं सुरू. नाक्यावर ही एक बोळ हाय, कुठीच जात नाई, तिले अपेंडिक्स म्हनते. मंग गाडी उजव्या अंगानं वर चढते, आडवी जाते, डाव्या अंगानं खाली येते, इथी एक पलटी घेते, आन् मोटारस्टँड. उतरा."

मुलं हसायची आणि परीक्षेत एकही वळण चुकायची नाहीत.

हातमोजे मिळायचे, पण ते घालायचे नाहीत. रबरातून बोटाला काही समजत नाही म्हणायचे. त्यांचा सारा विश्वास बोटांवर होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. डोळे मिटून हातात दिलेला अवयव ते नुसता चाचपून ओळखायचे, डावं मूत्रपिंड की उजवं तेही सांगायचे. त्या बोटांचा आम्हाला हेवा वाटायचा.

पण त्या बोटांना औषधाचा जो वास बसला तो जाईना. राखेनं, चिंचेनं, लिंबानं, कशानंही. त्या हातानं तोंडात घास घालवत नसे. म्हणून भागीरथाबाई त्यांना भरवायच्या.

भागीरथा म्हणजे त्यांची बायको. रामबागेत दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. एकुलती मुलगी कन्हानला दिलेली, तेव्हा घरात दोघंच. दर वर्षी परीक्षा संपली की नत्थूजी आमच्या बॅचला गोळाभात खायला घरी बोलवायचे. जातीपातीमुळे असो की मुडद्यांमुळे, सगळे जायचे नाहीत. मी गेले. तिथं पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. भागीरथाबाई उंच, सावळ्या, कपाळावर आडवं मोठं कुंकू. आम्हाला वाढून झाल्यावर त्या नवऱ्यासमोर पाटावर बसल्या आणि सगळ्यांदेखत, जराही न लाजता, त्यांनी भातात डाळीचा गोळा कुस्करला, वरून फोडणीचं तेल घातलं आणि त्यांच्या तोंडात घास दिला. नत्थूजी हात मांडीवर ठेवून लहान मुलासारखे जेवत होते.

चार घास झाल्यावर भागीरथाबाईंनी विचारलं, "अजी, पहिला घास कुठी पोचला?"

"काटोलले उभा हाय."

"मंग दुसऱ्याले म्हना, सरकून बस गा."

आम्ही हसलो. त्यांच्या घरचा हा रोजचा खेळ होता, हे मला पुढे कळलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईला नवऱ्यानं अन्नाचा सगळा रस्ता तोंडपाठ करून दिला होता. त्याला गावानं वाळीत टाकलं ते ज्या कामासाठी, त्याच कामाचा त्या दोघांनी संसार केला.

नत्थूजींचा आणखी एक खेळ होता, आणि तोच मला सांगायचा आहे. पाच वाजता हॉल बंद करताना ते दाराची साखळी हातात धरून उभे राहायचे आणि शेवटी निघणाऱ्याला एक सवाल टाकायचे. उत्तर आल्याशिवाय बाहेर सोडायचे नाहीत. "जठराच्या मागं काय लपून बसलं हाय?" "पित्ताची पिशवी कोनाच्या पदराखाली?" बरोबर आलं की साखळी सोडायचे. मी पुढे १९७० मध्ये त्याच विभागात डेमॉन्स्ट्रेटर झाले, मुलांना शिकवू लागले, तरी माझा सवाल सुटला नाही. उलट मी 'मॅडम' झाल्यावर सवाल अवघड झाले. मला तो मान वाटायचा.

१९७४ चा नोव्हेंबर. तोंडी परीक्षा आठवड्यावर आल्या होत्या, मी दिवसभर मुलांची उजळणी घेऊन दमले होते आणि पर्स खांद्याला लावून दाराशी आले. नत्थूजी साखळी धरून उभे.

"मॅडम, सवाल."

"उद्या विचारा हो."

"एकच. डाव्या अंगाले, खाली, पोटावर बोट दाबलं तं कडक लागते. हे असं, लिंबाएवढं. काय असंल?"

मी हसले. मला आठवतं, मी खरंच हसले. "नत्थूजी, हे तर तुम्हीच मला शिकवलंत. मोठ्या आतड्याची शेवटची पलटी. तिथं मळ साचून खडा होतो. दर वर्षी एका तरी देहात आपल्याला सापडतो."

"मी पन तेच म्हनलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झाले. "मंग एरंडेलानं जाईल न?"

"जाईल की."

त्यांनी साखळी सोडली. मी बस पकडायला पळाले.

आता मी काय विचारायला हवं होतं ते शाळकरी पोरगीही सांगेल. मळ असेल तर बोट दाबल्यावर खड्डा पडतो, गाठ असेल तर पडत नाही. वजन उतरलं का, शौचावाटे रक्त जातं का, किती दिवस झाले. आणि या सगळ्याच्या आधी, हे पोट आहे कोणाचं? मेलेल्या माणसाला एरंडेल कोणी देत नाही! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. डॉक्टरची पदवी घेतलेली बाई मी, आणि मी खेळातलं उत्तर दिलं. पुस्तकातलं, बावीस फुटी उत्तर.

त्यांनी सरळ का विचारलं नाही, हा प्रश्न मी नंतर पुष्कळ दिवस उगाळला. चार पावलांवर मोठा दवाखाना, निम्मे डॉक्टर त्यांचे विद्यार्थी. पण हॉल दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता. दवाखान्यात बरी झालेली माणसं पुढच्या दारानं घरी जात, ती नत्थूजींनी कधी पाहिलीच नाहीत. त्यांच्याकडे यायची ती मागच्या दारानं आलेली, ज्यांचं कोणी न्यायला आलं नाही अशी. पंचवीस वर्षं त्यांनी दवाखान्याचा तेवढाच हिशेब पाहिला. भागीरथाबाईंना त्या दारातून आत न्यायला ते धजत नव्हते. आणि त्यांची बोटं तर सांगतच होती, काही नाही, खडा आहे. त्या बोटांनी आयुष्यभर औषधात मुरून टणक झालेलीच आतडी चाचपली होती. जिवंत पोटात काय मऊ असावं आणि काय असू नये, ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवायचं काम आमचं होतं.

पोळ्यापासून भागीरथाबाईंचं पोट बिघडलं होतं. कधी चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, कधी धरवायचं नाही. दिवाळीत त्या निम्म्या झाल्या. माझ्या उत्तरानंतर नत्थूजींनी एरंडेल दिलं, मग इसबगोल, मग काटोलच्या वैद्याचं चूर्ण. दर वेळी थोडा आराम पडायचा आणि दोघं म्हणायचे, उतरलं बरं. असे पुढे चार महिने गेले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नत्थूजी कामावर आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. दहाच्या सुमारास दवाखान्यातून निरोप आला, नत्थूजींची बायको आणली आहे, तुम्हाला बोलावतात.

मी वॉर्डात गेले. आधी मला त्या ओळखूच आल्या नाहीत. ते उंच सावळं माणूस खाटेवर कोणी घडी करून ठेवावं तसं पडलं होतं. फक्त पोट तेवढं वर आलेलं, ढोलासारखं ताणलेलं. पाच दिवसांपासून काही बाहेर पडत नव्हतं, प्यायलेलं पाणीही उलटत होतं. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. डाव्या अंगाला, खाली. माझी बोटं आपोआप तिथंच गेली. कडक. आता लिंबाएवढं नव्हतं, मुठीएवढं होतं. दाबलं तरी खड्डा पडला नाही, सरकलं नाही.

मी वर पाहिलं. खाटेच्या पलीकडे नत्थूजी उभे होते. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशन दुपारी झालं. डॉक्टर चोपडे करणार होते, दहा वर्षांपूर्वीचा आमचाच, नत्थूजींच्या साखळीखालून गेलेला मुलगा. तासाभरातच ते बाहेर आले, तेव्हाच मी समजले. इतक्या लवकर होणारं ते ऑपरेशन नव्हतं. नत्थूजी बाकावरून उठून उभे राहिले. चोपड्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सगळे जे बोलतो ते बोलायला सुरुवात केली.

"नत्थूजी, प्रयत्न चालू आहेत. घाबरू नका."

"पलटीवर हाय न?"

"हो."

"यकृतात गेलं काय?"

चोपडे माझ्याकडे पाहू लागले. नत्थूजींशी खोटं बोलणं कोणाला जमणार होतं? प्रत्येक बोळ त्या माणसाच्या हाताखालून गेलेली.

"हो," चोपडे म्हणाले.

"आतड्याच्या पडद्यावर?"

"सगळीकडे दाणे आहेत. आतडी एकमेकांना चिकटलीत. बाजूनं वाट काढायलासुद्धा जागा नव्हती, नत्थूजी."

"मंग शिवून टाकलं."

"हो."

नत्थूजींनी त्यांना हात जोडले. चोपडे तसेच तोंड फिरवून आत गेले, आणि आतून आम्हाला त्यांच्या रडण्याचा आवाज आला.

त्यानंतर भागीरथाबाई अकरा दिवस होत्या. नाकातून नळी, हातात सलाइन, तोंडानं काही द्यायचं नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ जायचे. बसायचे, आणि बोलायचं ते न बोलता उठून यायचे. रोज ठरवायचे की आज सांगू, नत्थूजी, चूक माझी. आणि तिथं गेलं की सलाइनच्या थेंबांकडे पाहत बसायचे. मला माझी लाज वाटत होती. खरं सांगायचं तर, नत्थूजींना तो नोव्हेंबरचा सवाल आठवू नये, अशी नीच इच्छाही मनात येत होती.

नत्थूजींना कोणी खोटं सांगू शकलं नाही, पण त्यांनी मात्र बायकोला सांगितलं. खडा होता, काढला, असं. बाई भोळ्या नव्हत्या.

दहाव्या दिवशी दुपारी भागीरथाबाईंचा भाऊ महादेवराव काटोलहून संत्री घेऊन आला. मृगाच्या बहराची, झाडावरून सकाळी तोडलेली. मी तिथंच होते. पिशवी उघडल्याबरोबर वॉर्डभर वास पसरला आणि भागीरथाबाईंनी डोळे उघडले.

"एक फोड द्या न जी."

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. गिळायचं काहीच द्यायचं नव्हतं. पण ओठांना लावायला काय हरकत होती? मी मान हलवली. त्यांनी संत्रं सोललं, एका फोडीची पांढरी साल नखानं काढली आणि मग एकदम थांबले. हात मागे घेतला. त्या हातानं त्यांनी कधी कोणाला भरवलं नव्हतं.

"महादेवराव, तुमी द्या," ते म्हणाले. "माह्या हाताले वास हाय."

"नाई येत आता," भागीरथाबाई म्हणाल्या. "संत्र्याचा येऊन राहिला. तुमीच द्या."

नत्थूजींनी त्यांच्या ओठांवर फोड पिळली. दोन थेंब, तीन थेंब. त्यांनी जिभेनं ते ओठांवरून घेतले आणि कितीतरी वेळ तोंडात घोळवले. महादेवराव खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"अजी, कुठी पोचला?"

मला वाटलं नत्थूजी आता मोडून पडतील. त्यांना आमच्या सर्वांपेक्षा नीट माहीत होतं की त्या पोटात आता काहीच कुठं पोचणार नाही, रस्ता कुठल्या जागी बंद झाला आहे तेही. पण ते खाटेच्या कडेला बसले, बायकोचा हात हातात घेतला आणि हॉलमध्ये सांगायचे त्याच आवाजात सांगू लागले.

"गावातून निंगाला. सडक मोकळी हाय. काटोल आलं."

"थांबन तिथी."

"संत्र्याले का थांबा लागते वं? पानीच तं हाय. काटोल सुटलं. पित्त चढलं. कळमेश्वर गेलं."

"मंग?"

"फेटरी गेली. नाका आला. नागपुरात आली गाडी."

"पलटी?"

नत्थूजींचा आवाज तिथं अडखळला. क्षणभरच.

"गेली वं. पलटीवरून मोकळी गेली. मोटारस्टँड आला."

"मंग उतरू काय?"

"उतर," ते म्हणाले. "घाई नोको करू. मी हात धरला हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या गेल्या. पुढच्या दारानं नत्थूजींनी त्यांना घरी नेलं. गावाकडची भावकी आली होती, तीही त्या दिवशी त्यांच्या घरचं पाणी प्यायली. एवढ्यासाठी एवढं व्हावं लागलं, म्हणून मला त्या माणसांचा संताप आला.

तेरवी झाल्यावर मी रामबागेत गेले. नत्थूजी एकटेच जेवत बसले होते. चमच्यानं. स्टीलच्या ताटात वरणभात आणि त्यात तो चमचा खणखण वाजत होता. मला पाहून ते ओशाळले. "हाताले वास येते न जी," म्हणाले.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नोव्हेंबरमध्ये तुम्ही मला विचारलं होतं, मी हसून उत्तर दिलं, मी तेव्हाच विचारलं असतं तर वेळ होती. सांगताना मी रडले. मला वाटत होतं की त्यांनी ताट फेकावं, मला घराबाहेर काढावं. मी त्याच लायकीची होते.

त्यांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"उत्तर तुमचं बरोबरच होतं, मॅडम," ते म्हणाले. "सवाल मीच अर्धा केला. पोट कोनाचं, हे सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, आना तिले. आन् मले आनायचं नोतं."

माझी चूक त्यांनी अशी पोटात घातली. मला ते सोसलं नाही, आजही सोसत नाही. दोष अर्धा-अर्धा वाटून घ्यायला ती काय संत्र्याची फोड होती?

नत्थूजी कामावर परत आले. पुढची सहा वर्षं त्यांनी नोकरी केली. देहाच्या उशाशी फूल ठेवणं चालू राहिलं, आतडी मांडणं चालू राहिलं. काटोलची गाडीही चालू राहिली, फक्त पलटीपाशी ते आता थांबायचे नाहीत, पटकन पुढे जायचे. पाच वाजताच्या सवालात मात्र त्यांनी एक नवा नियम घातला. ते सवाल टाकणार, आणि मुलानं उत्तर देण्याआधी उलट विचारायचं, पोट कोणाचं? विचारलं नाही तर उत्तर कितीही बरोबर असो, साखळी सुटायची नाही. "पहिले इचारजा, पोट्टेहो. मंग बोलजा." मुलांना ती म्हाताऱ्याची लहर वाटायची. ती विचारायची, आणि नत्थूजी म्हणायचे, एका आजोबाचं, साठ वर्षाचं. किंवा, एका बाईचं, दोन लेकराच्या मायचं. मग खेळ पुढे चालायचा.

मी त्या वेळी दारापाशी सहसा थांबत नसे. माझी कामं असायची, नसली तर मी काढायचे.

१९८१ मध्ये ते निवृत्त व्हायचे होते. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी कपाट लावत आत राहिले होते आणि पाच वाजलेले मला दिसले नाहीत, की मी पाहिले नाहीत, कोण जाणे. दाराशी सुभद्रा नावाची पहिल्या वर्षाची मुलगी होती, भंडाऱ्याकडची, दोन वेण्या घालणारी. नत्थूजी साखळी धरून उभे.

"सवाल," ते म्हणाले. "डाव्या अंगाले, खाली, पोटावर बोट दाबलं तं कडक लागते. लिंबाएवढं. काय असंल?"

माझ्या हातातली बरणी तशीच राहिली. सहा वर्षांत हा सवाल त्यांनी कोणाला टाकला नव्हता.

मुलीनं तोंड उघडलं, उत्तर तिला येत होतं, दिसतच होतं. मग तिला नियम आठवला आणि ती जीभ चावून हसली.

"नत्थूजी, पोट कोणाचं?"

साखळी नत्थूजींच्या हातात तशीच होती.

"माह्या भागीरथाचं," ते म्हणाले.

मुलीचं हसू गेलं. तिला काही कळलं नव्हतं, पण ती एक पाऊल पुढे आली, आणि अगदी हळू विचारलं, "त्यांना कधीपासून होतंय? आज घेऊन येता का त्यांना?"

नत्थूजींनी साखळी सोडून दिली आणि दार पूर्ण उघडलं. "जा, पोरी," ते म्हणाले, "तू पास." मग ते दाराशीच खाली बसले, आणि त्या वासाच्या दोन्ही हातांत तोंड लपवून रडले.